जीपीओच्या घुमटाखालच्या खिडक्या चालू राहू द्या

सीएसएमटीतून बाहेर पडलेली माणसं मागे वळून स्टेशनाचे फोटो काढतात. काढावेतच, वास्तूच तशी आहे. पण तिच्या शेजारच्या जीपीओकडे, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयाकडे, मान वर करून पाहणारं क्वचितच कुणी दिसतं, याचं मला फार वाईट वाटतं. त्यात "आता पत्रं कोण लिहितंय, एवढी मोक्याची जागा, हॉटेल तरी करा तिथे" असं कुणी म्हणालं की रागच येतो.

मुळात हे मुंबईचं पहिलं जीपीओ नाही. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी फोर्टचा कोट पाडायला लावला. १८५२ साली सिंधचे कमिशनर असताना 'सिंध डाक' हे आशियातलं पहिलं टपाल तिकीट काढणारे तेच हे फ्रियर. कोट गेल्यावर जागा मोकळी झाली आणि सरकारी इमारती उठू लागल्या. सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट आणि जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्याचं पोस्ट ऑफिस. ते पोस्ट ऑफिस आजही उभं आहे. हुतात्मा चौकाजवळचं तारघर, ज्याला सगळे सीटीओ म्हणतात, तेच ते! पुढे पोस्ट नव्या इमारतीत गेलं आणि या जुन्या इमारतीत तारखातं राहिलं. २०१३च्या जुलैमध्ये तार बंद झाली, तेव्हा शेवटची तार करायला लोकांनी गर्दी केली. आयुष्यभर ज्या तारेच्या नुसत्या नावाने घरात धस्स व्हायचं, ती आठवण म्हणून जपायला माणसं रांगेत उभी राहिली.

नव्या जीपीओचं काम १९०४ला सुरू झालं आणि १९१३ला संपलं. खर्च सुमारे १८ लाख रुपये. आराखडा जॉन बेग यांचा. त्यांच्या हाताखाली होते जॉर्ज विटेट, ज्यांनी पुढे गेटवे ऑफ इंडिया उभारलं. काळा बेसॉल्ट, कुर्ल्याचा पिवळा दगड, आणि डोक्यावर ६५ फूट व्यासाचा घुमट. हा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला आहे. गोल घुमट ही मुहम्मद आदिलशहाची कबर. शहाजीराजांनी ज्याची चाकरी केली, तोच हा बादशहा. त्याच्या कबरीचा आकार इंग्रजांनी मुंबईत आणला आणि त्याखाली पत्रं वाटायला माणसं बसवली. मला हे विलक्षण वाटतं.

आणि नुसती पत्रंच नाही. कोकण आणि घाटावरची किती घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली! गिरणीतला पगार हातात पडला की चाकरमानी आधी पोस्टाची खिडकी गाठायचा. गावाकडे पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लागलेले असायचे. शाळेची फी, पेरणीचं बियाणं, म्हातारीचं औषध, सगळं त्या फॉर्मवरून गेलं. मुंबईतल्या सरकारी इमारतींपैकी गरीब माणसाने हक्काने वापरलेली इमारत कोणती, असं कुणी विचारलं तर मी पोस्टाचं नाव घेईन.

जगात पोस्टांची हॉटेलं झाली आहेत. सिंगापूरचं फुलर्टन झालं, वॉशिंग्टनचं जुनं पोस्ट ऑफिस झालं. इमारती वाचल्या, चकचकीत झाल्या, हे मान्य. पण तिथे दोन रुपयांचं काम घेऊन कुणी आत शिरू शकतं का? आपल्या जीपीओत आजही पन्नास पैशांचं पोस्टकार्ड घ्यायला कुणीही त्या घुमटाखाली उभं राहू शकतं. दारावर कुणी अडवत नाही, कपडे बघत नाही. दक्षिण मुंबईत अशा भव्य जागा किती उरल्यात?

पत्रं कमी झाली हे खरं आहे. पण बचत खाती आहेत, पार्सलं आहेत, स्पीड पोस्ट आहे. रजिस्टर्ड पोस्टही २०२५ला त्यातच विलीन झालं. दुरुस्ती लागणारच, दगडालाही वय असतं. ती टप्प्याटप्प्याने करा, एक बाजू झाकून दुसरी चालू ठेवा. "तात्पुरतं स्थलांतर" हे शब्द ऐकले की मला धास्ती वाटते. तशी पाटी तिथे लागायची वेळ आलीच, तर विरोधाच्या अर्जावर पहिली सही माझी असेल.