बंदूक फक्त लढवय्या क्लासची, या म्हणण्याचा प्रतिवाद

कल्पनारम्य टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत (टेबलाभोवती बसून पात्रे रंगवायच्या खेळांत) बंदुकांचा विषय निघाला की एक विधान हमखास पुढे केले जाते, आणि ते इतक्या वेळा फिरले आहे की अनेक नवे डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) त्याला नियमच समजू लागले आहेत. विधान थोडक्यात असे : बंदूक हे युद्धशस्त्र आहे, फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन आणि रेंजर या लढवय्या क्लासच्या (पेशाच्या) पात्रांना सगळीच शस्त्रे येतात, म्हणून बंदूकही आपोआप येते, विझर्डच्या (जादूगाराच्या) किंवा रोग (rogue, म्हणजे चोरटे वार करणाऱ्या) क्लासच्या हाती ती दिली तर खेळाचा तोल बिघडतो, आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकने, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकाने, हा प्रश्न कायमचा निकालात काढला आहे. यांतला एकही मुद्दा मला मान्य नाही, आणि तोलाचा मुद्दा तर आकडे मांडून पाहिले की पुरता उलटतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो लवकर आटोपण्यासारखा आहे. २०२४ च्या पुस्तकात पिस्तूल आणि मस्केट (लांब नळीची बंदूक) ही मार्शल शस्त्रांच्या, म्हणजे युद्धशस्त्रांच्या, तक्त्यात आहेत, हे खरे. पण २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडने बंदुकीचे प्रावीण्य (वार करताना बोनस देणारे कौशल्य) कोणाला आहे हे ठरवण्याचे काम डीएमवर सोपवले होते. बहुतेक जगांतल्या पात्रांना ते नसेल, मात्र सराव चालू ठेवण्याइतका दारूगोळा असेल तर फावल्या काळात प्रशिक्षण घेऊन ते मिळवता येईल, असे तिथे सांगितले होते. पुढे २०२० मध्ये आर्टिफिसर (जादूई कारागीर) क्लासला बंदुकीचे प्रावीण्य देताना, त्या पात्राचा अशा शस्त्रांशी संबंध आलेला असावा, अशी अट घातली गेली. ‘पाथफाइंडर’ या तशाच दुसऱ्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीने तर २०११ मध्येच हा प्रश्न जगाच्या स्थितीशी बांधला : बंदुका दुर्मिळ असतील तर त्या एक्झॉटिक (खास प्रशिक्षण लागणारे) शस्त्र, प्रचारात आल्या असतील तर जुन्या धाटणीच्या बंदुका मार्शल, आणि घरोघरी असतील तर सगळ्याच बंदुका सिंपल (साधे शस्त्र). बंदूक तीच, पण जगाप्रमाणे तिचा वर्ग बदलतो. तेव्हा २०२४ चा तक्ता हा एका प्रकारच्या जगासाठी दिलेला सोयीचा आरंभबिंदू आहे, आणि त्याला निवाडा म्हणणे म्हणजे तक्त्यावर नसते ओझे लादणे आहे.

आता ‘फायटरला सगळीच शस्त्रे येतात’ हा मुद्दा. आमच्या टेबलावर एका खेळाडूचे पात्र रोग क्लासचे होते. ही मुलगी लहानपणापासून जहाजावर तोफांना दारू पोचवत वाढलेली. दारू दमट झाली की ती कशी दिसते, हे तिला डोळे मिटून सांगता आले असते. त्याच गटात बर्फाळ पठारावरचा एक बार्बेरियन होता, ज्याने बंदुकीचा बार कधी ऐकलाही नव्हता. पडक्या किल्ल्यात एक मस्केट सापडली. नियमाने बार्बेरियनला ती पहिल्याच दिवशी सफाईने चालवता आली, आणि मुलीला मात्र प्रावीण्याचा बोनस नाकारला गेला, कारण रोग क्लासला फक्त फिनेस (चपळाईने चालवायच्या) किंवा लाइट (हलक्या) गुणधर्माची मार्शल शस्त्रे येतात आणि मस्केटला यांतला एकही गुणधर्म नाही. त्या खेळाडूने वाद घातला नाही, पण आपल्या पात्राची पूर्वकथा ज्या कागदावर तिने मन लावून लिहिली होती तो कागद तिने घडी घालून बाजूला ठेवला, आणि मला तो क्षण अजून टोचतो. मार्शल शस्त्रांची यादी म्हणजे त्या जगातल्या योद्ध्यांना आखाड्यात जे शिकवले जाते त्याची यादी. ज्या आखाड्यात बंदूक कधी आलीच नाही, तिथून शिकून आलेल्याला ती येते असे धरण्याला कोणताच आधार नाही.

बंदूक हे योद्ध्याचेच शस्त्र आहे, हा समज ती भरताना काय करावे लागते ते न पाहिल्यामुळे टिकून आहे. तोड्याची ठासणीची बंदूक घ्या. पेटता तोडा (जळती वात) एका हाताच्या बोटांत दारूपासून दूर धरायचा, मोजून दारू नळीत ओतायची, वरून गोळी सोडायची, गजाने ठासायची, गज आठवणीने बाहेर काढून जागेवर ठेवायचा, कानाशी (बत्ती देण्याच्या छिद्राशी) रंजक (पेटवणीची बारीक दारू) घालून झाकण लावायचे, सांडलेली रंजक फुंकून टाकायची, मग तोडा चिमट्यात बसवून त्याचा निखारा फुंकरीने जागता करायचा, झाकण उघडायचे, आणि त्यानंतर चाप. याकोब दे गेन याच्या १६०७ च्या कवायतीच्या चित्रग्रंथात मस्केटसाठी अशा चाळीसहून अधिक कृती एकेक करून रेखाटल्या आहेत. यांतल्या कोणत्याही कृतीला तलवारबाजाचे मनगट लागत नाही. लागते ती क्रमाची आठवण, स्थिर हात आणि न बिचकता बंदुकीची दारू हाताळायची सवय. चिमूटभर द्रव्ये मोजून मंत्र सिद्ध करणाऱ्या विझर्डला हे जमणार नाही असे कशावरून म्हणायचे? इतिहासही तेच सांगतो. लाँगबोसाठी (लांब धनुष्यासाठी) इंग्लंडचा राजा तिसऱ्या एडवर्डला १३६३ मध्ये सुटीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव करण्याचा हुकूम काढावा लागला होता, कारण ती कला वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय अंगी मुरत नसे. उलट १५७५ मध्ये जपानमधल्या नागाशिनोच्या लढाईत सरदार ओदा नोबुनागाच्या बंदुका सामुराईंपेक्षा कितीतरी खालच्या दर्जाच्या आशिगारू पायदळाच्या हाती होत्या. मात्र त्यांनाही कवायत करावी लागत होती, त्यामुळे बंदूक सगळ्यांना फुकट द्या म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही.

राहिला तोलाचा मुद्दा, आणि त्यावर थोडे थांबावे लागेल. पाचव्या लेव्हलचे, डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायचा अंक) +४ असलेले रोग क्लासचे पात्र शॉर्टबो वापरते तेव्हा एका यशस्वी वारात फाशाचे सरासरी साडेतीन, त्यात चार, आणि स्नीक अटॅकचे (चोरट्या वाराचे) साडेदहा, असे अठरा डॅमेज (इजा) करते. त्याला पिस्तूल दिले तर डी१० मुळे (दहा बाजूंच्या फाशामुळे) हा आकडा वीस होतो. या दोन गुणांसाठी त्याला ८० फुटांचा सामान्य पल्ला सोडून ३० फुटांपर्यंत पुढे यावे लागते. विझर्डचे पाहिले तर पाचव्या लेव्हलला फायर बोल्ट ही कँट्रिप (हवा तितक्या वेळा वापरता येणारा मंत्र) २डी१०, म्हणजे सरासरी अकरा डॅमेज करते, तेही १२० फुटांवरून आणि बुद्धीच्या जोरावर. +२ डेक्स्टेरिटीने झाडलेले पिस्तूल साडेसातवर थांबते. ज्याच्या हाती याहून चांगले साधन आधीपासून आहे, त्याने पिस्तूल उचलले म्हणून तोल ढळत नाही.

तोल सांभाळणारी खरी गोष्ट म्हणजे लोडिंग हा गुणधर्म. त्याच्यामुळे एका अॅक्शनमध्ये एकच गोळी झाडता येते, म्हणून पाचव्या लेव्हलचा +४ डेक्स्टेरिटीचा फायटर लाँगबोने दोन वारांत सतरा डॅमेज करतो, तर मस्केटने एका वारात साडेदहाच. आता त्याच फायटरला लोडिंग दुर्लक्षिण्याची मुभा देणारी गनर ही फीट (पात्राने निवडायची खास क्षमता) द्या. मस्केटचे दोन वार एकवीसवर जातात, अकराव्या लेव्हलला तीन वार साडेएकतीसवर, जिथे लाँगबो साडेपंचवीसवर असतो. म्हणजे लोडिंगचा अडसर निघाला की बंदुकीचा सर्वाधिक फायदा अनेक वार करणाऱ्यांना, म्हणजे ज्यांना हे विधान ती विनाअट बहाल करते त्यांनाच होतो. एकच वार करणाऱ्या रोग क्लासला लोडिंग असले काय आणि नसले काय, फारसा फरक पडत नाही. तोलाची चिंता प्रामाणिक असेल तर फीट आणि लोडिंग यांवर बोला. प्रावीण्याच्या दारावर पहारा बसवून ती मिटणार नाही.

म्हणून आम्ही क्लास बाजूला ठेवून प्रत्येक पात्राला एकच प्रश्न विचारतो : तुझा बंदुकीशी संबंध कुठे आणि किती आला? उत्तर पूर्वकथेत असेल तर प्रावीण्य, नसेल तर फावल्या काळातले प्रशिक्षण, आणि त्यासाठी दहा गोळ्यांना तीन सुवर्णनाण्यांचा खर्च ज्याचा त्याने करायचा. ‘पाथफाइंडर’च्या त्याच पहिल्या आवृत्तीतला आणखी एक नियम आम्ही उचलला आहे : प्रावीण्य नसलेल्याने बंदूक भरली, तर त्या गोळ्यांची मिसफायर होण्याची, म्हणजे बार फसण्याची, शक्यता वाढते. भरणे आणि झाडणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या नियमाने ओळखले आहे. पुढच्या मोहिमेत जहाजावरच्या त्या मुलीला प्रावीण्य मिळाले. बार्बेरियन नेम धरायला शिकेपर्यंत त्याची मस्केट तीच भरून देत असे, आणि गज बाहेर काढला की नाही हे ती दर वेळी मोठ्याने म्हणून दाखवत असे.