लसावि आणि फडकं

आमच्या गावात फडकं कोणी बनवत नाही, ते आपोआप होतं. लुगडं विरलं की त्याची गोधडी होते, गोधडीतून उरलेल्या तुकड्याचं फडकं होतं, फडकं मेणचटलं की त्याचं पोतेरं होतं, आणि पोतेऱ्याचं पुढे काय होतं ते गल्लीतल्या कुत्र्याच्या पिल्लांना विचारावं. अशा घराण्यात एक बाई दोन सुया घेते, वहीत आकडेमोड करते आणि भांडी पुसायचं फडकं विणायला बसते, हे सासूबाईंना पटणं शक्यच नव्हतं. त्या ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायच्या, "सूनबाई स्वेटर विणून राह्यली. भांड्याचं."

हे खूळ आलं अमेरिकेतून. माझ्या नणंदेची मुलगी तिकडे असते. तिकडे सुती फडकी घरी विणतात, एकमेकींना भेट देतात, आणि त्यांनी भांडी नुसती पुसत नाहीत, घासतातसुद्धा. तिकडच्या आज्यांचा एक ठरलेला नमुनाही आहे. एका कोपऱ्यात चार टाके घालायचे, दर ओळीला एक वाढवत जायचं, पंचेचाळीसच्या आसपास पोचलं की तसंच एकेक कमी करत परत चारावर यायचं. झाला चौकोन. शहाण्या बाईने तोच विणावा आणि झोपावं. पण भाचीने फोनवर सांगितलं, "मामी, तुला एवढ्या विणी येतात, त्या एकत्र कर ना. स्वतःचं डिझाइन! एकदम सोप्पं असतं." सोपं आहे असं जो सांगतो तो सहसा सात समुद्रांपलीकडे असतो.

पहिली अडचण सुताची. तालुक्याच्या दुकानात लोकर म्हणून जी मिळते ती ॲक्रिलिकची. बाळाच्या टोपीला ठीक, पण ती पाणी पीत नाही आणि गरम पातेल्याला लागली तर वितळते. फडक्याला सूतच हवं. दुकानदार म्हणाला, "सुताचं इथं नाही भेटत, बाई. ऑनलाइन मागवा." मी हे ऐकून घरी आले तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरलेला होता. झोपायला जागा नव्हती, आणि विणायला सूत नव्हतं. आमच्या विदर्भातली शकुंतला रेल्वे चालायची तेव्हा इकडचा कापूस दारव्ह्यावरून मूर्तिजापूर, तिथून मुंबई आणि पुढे मँचेस्टरला जायचा. आता गाडी बंद आहे. कापूस मात्र अजूनही गावाबाहेर जाऊनच शहाणा होतो.

सुताची गुंडी कुरिअरने आली. ह्यांनी ती हातात घेतली, वजन केलं आणि कॅल्क्युलेटर काढला. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी. एक फडकं 40 ग्रॅमचं धरलं तर क्विंटलात साडेआठशे फडकी. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव 8,110 रुपये. म्हणजे एका फडक्यात आपला कापूस साडेनऊ रुपयांचा. एवढं झाल्यावर त्यांनी पाकिटावरची किंमत वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. त्या रात्री त्यांनी भाकरीसुद्धा दुसरी मागितली नाही.

आता डिझाइन. मला चार विणी तोंडपाठ: साबुदाणा, चटई, जाळी आणि वेणी. एकावर एक चार पट्टे करायचे ठरवले. साबुदाण्याची वीण दोन टाक्यांत बसते, म्हणजे दर दोन टाक्यांनी तीच नक्षी परत येते; माझी जाळी चारांत, चटई सहांत. वेणीला दहा लागतात, सहा पिळायला आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट (सुलट टाका समोरून सपाट दिसतो, उलट टाक्याचा उंचवटा येतो). सगळ्यांना सुईवरचे टाके तेवढेच असणार, म्हणजे ज्याला या सगळ्यांनी भाग जाईल असा आकडा हवा. मुलगा शेजारी गृहपाठ करत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "लसावि काढ, आई. साठ." शाळेत असताना याचा पुढे उपयोग काय, असं मी गुरुजींना विचारलं होतं. उपयोग फडक्यात होता.

साठ टाके, कडेच्या पट्टीचे दोन्हीकडून चार-चार, म्हणजे अडुसष्ट. इंचाला साडेचार टाके धरले तर सव्वा फूट रुंद. त्याने भांडं पुसायचं की पाट? म्हणून वेणीला रजा दिली. वेणी जाताच लसावि बारावर आला आणि त्याच्या तिपटीत काम भागलं. 36! दोन, चार, सहा, सगळ्यांशी जमतं. कडा धरून 44 टाके, दहा इंचांचं फडकं. छत्तीस गुण जुळले म्हणून मी खूश झाले. पण जुळलेल्या पत्रिकांचं पुढे काय होतं ते आपण आजूबाजूला बघतोच.

खाली साबुदाणा ऐसपैस पसरला. मध्ये चटई आली आणि तिने अंग चोरलं. वर जाळी सुरू झाली तशी ती पुन्हा सैल सुटली. हातात आला तो डमरू. टाके तिघींचेही छत्तीसच होते, पण प्रत्येकीची ओढ वेगळी. शिवाय कडेची सगळी सुलट पट्टी मधल्या भागापेक्षा उंचीला बुटकी पडते, ती दोन्ही बाजूंनी कापडाला खाली खेचत होती. छत्तीसचा आकडा म्हणतात तो हा. सूत लोकरीसारखं ताणून घेत नाही, समजूत काढायलाही जागा ठेवत नाही. मनगटाची मात्र चांगली समजूत निघते.

साबुदाण्याबद्दल एक सांगते, कारण त्यात भल्याभल्या फसतात. समोर उलट टाका दिसला तर सुलट विणायचा, सुलट दिसला तर उलट. एवढंच. पण टाके सम असले की दर ओळ वेगळ्या टाक्याने सुरू होते, आणि नेमकी ओळ पालटताना लाईन जाते, किंवा कुकर तिसरी शिट्टी मारतो, किंवा मोटार सुरू झाली का ते बघायला कोणीतरी ओरडतं. परत येऊन त्याच टाक्याने सुरुवात केली की साबुदाणा गायब आणि स्वेटरच्या गळ्याची उभी पट्टी हजर. उसवताना सासूबाई विचारतात, "इणते का सोडते वो हे?"

पट्ट्यांचा नाद सोडून मी विणी लहान चौकोनांत विखुरल्या, म्हणजे कोणा एकीची ओढ कंबरेवर येणार नाही. जाळी फक्त वरच्या कडेला, खिळ्याला अडकवण्यापुरती, कारण गरम भांडं उचलताना जाळीतून बोट आरपार जातं. घासायला साबुदाणा उत्तम, त्याचे उंचवटे खरवडलेलं पिठलं बरोबर काढतात. आणि मधोमध कापसाचं बोंड. विदर्भाची सही नको का?

बोंड चौकटीच्या वहीत काढलं, वीस चौकटी रुंद आणि वीस उंच. सुलट जमिनीवर उलट टाक्यांचं बोंड उठून दिसेल असा हिशोब. वहीची चौकट चौरस असते, टाका मात्र रुंद जास्त आणि उंच कमी. पाच टाक्यांच्या रुंदीला सात ओळी लागतात. त्यामुळे वहीतलं टपोरं बोंड फडक्यात आडवं बसलं. सासूबाईंनी ते उजेडाकडे धरलं.

"हे वांगं काहून काढलं?"

"आई, बोंड आहे ते. कापसाचं."

"देठ बी हाय त्याले. वांगंच हाय."

मी देठाला बोंडाची पाती म्हणत होते. पुढचं बोंड अठ्ठावीस चौकटी उंच काढलं तेव्हा कुठे ते कापसात जमा झालं. सुलट जमिनीच्या बाजू मागे वळतात आणि वरखालच्या कडा पुढे, म्हणून भोवती साबुदाण्याची जाड चौकट घातली. मग ते सपाट बसलं.

फडकं झालं आणि मी ते मोरीवरच्या खिळ्याला लावलं. त्याला कोणी हात लावेना. ह्यांना किंमत माहीत होती. मुलगा म्हणाला, यावर डाग पडला तर तू रडशील. सासूबाईंनी मात्र ते काढलं, घामेजलेल्या पातेल्याभोवती फिरवलं, पिळलं, परत फिरवलं.

"पाणी लय पेते वो हे."

"सूत आहे ना, आई."

"मंग एवढंसं काहून केलं? भाकरीच्या टोपल्यावर झाकाले एक मोठं कर. वाफ धरन, भाकर वली नाही होनार. अन् वांगं नको काढू."

रात्रीच साठ टाके घातले. कडेचे आठ वेगळे. या खेपेला वेणी बसते.