रँचच्या मालकिणीला मागणी घालताना

अंगी सचोटी नाही, खिशात दमडी नाही, पण जिभेवर साखर आहे आणि मिशी बारीक कोरलेली आहे? मग इतर धंद्यांत आयुष्य फुकट घालवू नका. १९३५ ते १९५४च्या दरम्यानचा एखादा हॉलिवूडचा बी-वेस्टर्न, म्हणजे कमी खर्चात काढलेला काउबॉयपट, गाठा. त्यात खलनायक व्हा आणि रँचच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणाच्या, मालकिणीशी लग्न जमवायला घ्या.

मालकीण निवडायचा प्रश्नच येत नाही, एका सिनेमात एकच असते. तिचे वडील बहुतेक पहिल्या रिळातच पाठीत गोळी लागून गेलेले असतात. ती गोळी तुमच्याच माणसाने घातलेली असते, तेव्हा सांत्वनाला सगळ्यांत आधी पोचा. तिची गुरं हजारोंनी आहेत असं गावात बोललं जाईल. पडद्यावर दिसतील तेवढीच खरी धरा आणि डोळ्यांची तारीफ करण्याआधी पाण्याची चौकशी करा. त्या कोरड्या मुलखात ज्याने पाणी आधी वापरायला घेतलं त्याचा हक्क पहिला, असा रिवाज आहे. ओढा हाती आला की खालच्या खोऱ्यातले सगळे तुमच्या दारात. ओढा नसेल तर तिच्या कुरणातून रेल्वे जाणार असते आणि ती बातमी फक्त तुम्हाला आणि बँकवाल्याला ठाऊक असते. दोन्ही नसेल तर तिथून उठा, तुम्ही चुकून प्रेमकथेत शिरला आहात.

कथा अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये घडत असेल तर मात्र जरा जपून. तिथल्या विधिमंडळाने १८६९ साली बायकांना मतदानाचा हक्क दिला आणि त्याच वर्षी लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिच्याच ताब्यात राहील असाही कायदा केला. म्हणजे अंगठी घालूनही रँच तिचीच. सुदैवाने पटकथा लिहिणाऱ्यांना इतकं खोलात जायला सवड नसते. लग्न झालं की सातबारा आपोआप तुमच्या नावावर, याच भरवशावर सगळं कारस्थान उभं असतं.

आता वेळेचं गणित. असा सिनेमा जेमतेम तासाभराचा असतो. त्यातली काही मिनिटं नायकाच्या गाण्यांना, काही त्याच्या विनोदी सोबत्याच्या धडपडण्याला आणि बरीचशी घोडे एका दिशेने धावून पुन्हा उलट दिशेने धावण्यात जातात. ओळख, विश्वास, मागणी आणि होकार हे सगळं उरलेल्या दहा मिनिटांत उरकायचं आहे. तेव्हा पहिल्याच भेटीत टोपी काढा आणि दुसऱ्या भेटीत गहाणखताचा विषय काढून ‘ती काळजी माझ्यावर सोपवा’ म्हणा. तिसऱ्या भेटीत साखरपुडा.

प्रतिस्पर्धी म्हणून नायकाचा धसका घेऊ नका. त्या माणसाला बाईशी बोलता येत नाही. शनिवारी दुपारच्या खेळाला पोरं भरलेली असतात. मारामारी थांबवून नायक प्रेमाच्या गोष्टी करू लागला तर ती आरडाओरडा करतात, म्हणून तो बहुधा टोपीच्या कडेला बोट लावतो आणि घोड्याकडे जातो. काउबॉय नायक रॉय रॉजर्सच्या ट्रिगर नावाच्या घोड्याची जाहिरात ‘सिनेमातला सर्वांत हुशार घोडा’ अशी होत असे. नायिकेसाठी अशी जाहिरात कुणी केल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा तिचं बोलणं ऐकून घेणारा, तिचा झगा नवा आहे हे ओळखणारा अख्ख्या खोऱ्यात तुम्ही एकटेच. ती तुमच्या गळाला लागते यात तिचा भोळेपणा किती आणि बाकीच्यांचा घुमेपणा किती, हे एकदा तपासायला हवं. पण तपास करतो तोही नायकच.

धोका आहे तो घोड्याकडून. तुम्ही अंगणात पाऊल टाकताच तो फुरफुरतो. मालकीण, शेरीफ आणि रँचवरचा म्हातारा मुकादम यांना पन्नास मिनिटं जे कळत नाही, ते त्याला वासावरून कळतं. तुमच्या माणसांनाही दूर ठेवा. सिनेमाधंद्याच्या बोलीत खलनायक म्हणजे ‘हेवी’. तुम्ही ‘ब्रेन हेवी’, कोट घालून कट रचणारे. ते ‘डॉग हेवी’, येताजाता कुत्र्याला लाथ घालणारे. असा एक जरी ओसरीवर येऊन ‘बॉस’ म्हणाला, तर जमत आलेलं लग्न तिथेच मोडलं.

फसवाफसवीचा सल अधूनमधून टोचलाच, तर सिनेमा काढणाऱ्या कंपन्यांच्या मालक मंडळींकडे बघा. थिएटरवाले बी-सिनेमाला तिकीटविक्रीतला हिस्सा देत नसत, ठरावीक भाडं देत. सिनेमा कितीही चालला तरी मिळकत तेवढीच, म्हणून खर्चाला कात्री. मग गुरं उधळण्याचं जुनंच चित्रीकरण नव्या सिनेमात चिकटवायचं. टेक्सास हवं असो की अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थच्या आयव्हर्सन रँचवर तेच खडक पुन्हा उभे करायचे. गाणारा काउबॉय नायक जीन ऑट्री याच्या सिनेमांत तर घोडेस्वारांच्या जोडीला मोटारी आणि रेडिओही असत, आणि साल कुठलं असं कुणी विचारत नसे. तुम्ही एक खोटं खरेदीखत केलंत तर तुरुंग. त्यांनी खोटं वायोमिंग केलं तर पुढच्या आठवड्यात तिकिटाला पुन्हा रांग.

यश मात्र मागू नका. १९३४पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली, आणि गुन्हेगाराला गुन्हा पचलेला दाखवायचा नाही हा तिचा दंडक. तुम्ही कितीही मन लावून प्रेम करा, अगदी मध्येच खरोखर तिच्यावर जीव जडला तरी, शेवटच्या पाच मिनिटांत तुमचं खोटं नाव, मागच्या गावातली बायको आणि खुनाचा पुरावा एकाच पाकिटातून बाहेर पडणार. तेव्हा खिडकी आधीच हेरून ठेवा. पळताना खडकांच्या बाजूला जाऊ नका, नायक तिथेच वरून झेप घेतो.

बेड्या पडल्या तरी फार मनाला लावून घेऊ नका. कंपनीने पगारावर ठेवलं असेल तर पुढच्या सिनेमात त्याच ओसरीवर दुसऱ्या नावाने, दुसऱ्या मालकिणीच्या सांत्वनाला जायचंच आहे. जाकीट बदलून मिळेल. मिशी जपा, नवीचे पैसे कंपनी देत नाही.