‘यूए १३+’बद्दलच्या मेसेजचा खुलासा

‘यूए १३+ सिनेमाला तेरा वर्षांखालच्या मुलांना थिएटरात सोडत नाहीत, आधार कार्ड मागतात’ हा मेसेज सुट्टीत पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. ‘यूए’ म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमाला सेन्सॉर बोर्ड देतं ते प्रमाणपत्र. शेजारच्या सहावीतल्या मुलीचं तिकीट त्यापायी रद्द झालं, म्हणून लिहितेय.

२०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने ‘यूए’चे ७+, १३+, १६+ असे तीन गट केले. हे आकडे पालकांच्या माहितीसाठी आहेत. ते पाळायचे की नाही, हे आईवडीलच ठरवणार, डोअरकीपर नाही. वयावरून प्रवेशबंदी फक्त ‘ए’ला, म्हणजे प्रौढांसाठीच्या सिनेमाला, अठराच्या आतल्यांना. तरी १६+ दिसलं तर आधी स्वतः बघा, असं मी मनापासून सांगेन. मेसेज पुढे पाठवला असेल तर कृपया डिलीट करा आणि त्याच ग्रुपवर हे टाका.