अर्ध्या मिलिमीटरचं भांडण

डीव्हीडीनंतर जास्त स्पष्ट चित्राच्या सिनेमांसाठी दोन डिस्क एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या, एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे. त्यात एचडी डीव्हीडी हरली याचं मला आजही वाईट वाटतं. तंत्र म्हणून ब्लू-रे सरस होती हे मान्य करूनही वाटतं.

दोन्हीकडे डिस्क वाचणारा लेझर एकच, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा. डिस्कही तेवढीच, १२ सेंटीमीटरची. वाद होता तो माहितीचा थर पृष्ठभागापासून किती खोल ठेवायचा याचा. तोशिबा आणि एनईसीच्या गोटाने तो डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटरवर ठेवला. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स वगैरेंनी ०.१ वर आणला. थर जवळ आला की किरण जास्त बारीक रोखता येतो, खुणा दाटीने बसतात. म्हणून ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात, एचडी डीव्हीडीच्या थरात १५. पण इतक्या वरच्या थराला ओरखडा सोसत नाही. सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्क तर प्लास्टिकच्या कवचात बंद असायच्या. टीडीके कंपनीचा कडक लेप आला तेव्हा कुठे ते कवच गेलं. एचडी डीव्हीडीला यातलं काहीच लागत नव्हतं, डीव्हीडीच्याच कारखान्यांत थोड्या फेरफाराने ती निघत होती.

आणि तिला रीजन कोड नव्हता! माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी गोष्ट. डिस्क जगात कुठूनही आणा, प्लेअरमध्ये टाका, चालणार. ब्लू-रेने मात्र जगाचे ए, बी, सी असे तीन तुकडे केले. स्वतःच्या पैशाने, रीतसर विकत घेतलेला सिनेमा केवळ दुसऱ्या विभागातला आहे म्हणून प्लेअर नाकारतो, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. शिवाय एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेअरला नेटवर्कची सोय पहिल्या दिवसापासून सक्तीची होती. ब्लू-रेचे नियम टप्प्याटप्प्याने येत गेले, आणि सुरुवातीला प्लेअर घेणाऱ्यांना पुढच्या डिस्कवरच्या काही सोयी दिसल्याच नाहीत.

निकाल लागला तो स्टुडिओंच्या वाटणीवर. डिस्ने, फॉक्स ब्लू-रेकडे, युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे, ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंटही तिकडेच. सगळे सिनेमे हवे असतील तर दोन प्लेअर घ्या! त्यात सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेमयंत्रात ब्लू-रेही चालायची, त्यामुळे ती गेम खेळणाऱ्यांच्या घरी आपसूक पोचली होती. दोन्हीकडे डिस्क काढणाऱ्या वॉर्नरने ४ जानेवारी २००८ ला ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. जेमतेम साडेसहा आठवड्यांत खेळ आटोपला. दोन्ही गोटांनी २००५ मध्ये एकत्र येण्याची बोलणी केली होती, ती फिसकटली. तेव्हा जास्त जीबीची डिस्क आणि रीजन कोड नसलेला मोकळा नियम असा मेळ बसला असता तर आज आपल्या हातात काय असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्याकडे लाल कव्हरच्या अकरा डिस्क आहेत. परवा एक काढली, फुंकर मारली, उजेडात तिरकी धरून पाहिली. एकही ओरखडा नाही. प्लेअर चालू व्हायला मिनिटभर घेतो, ट्रे कुरकुरत आत जातो, मग चित्र येतं, आणि ते इतकं स्वच्छ असतं की जवळ जाऊन बघावंसं वाटतं. यावेळी मात्र डिस्क दोनदा वाचलीच गेली नाही, तिसऱ्यांदा लागली. लेझर थकत चाललाय बहुतेक.

कुणाकडे चालू स्थितीतला एचडी डीव्हीडी प्लेअर पडून असेल तर कृपया भंगारात टाकू नका. मला मेसेज करा, मी येऊन घेऊन जाईन.