पीटरची सासू

'डार्क' या जर्मन मालिकेचा तिसरा आणि शेवटचा सीझन सुरू केला तेव्हा मला आधीच्या दोन सीझनमधलं एवढंच आठवत होतं की विंडन नावाचं जर्मन गाव आहे, तिथे सतत पाऊस पडतो आणि कुणी कुणाला सरळ उत्तर देत नाही. दुसरा सीझन जून २०१९ मध्ये आला, तिसरा २७ जून २०२० ला. तारीख मुद्दाम साधलेली, कारण मालिकेतली जगबुडी त्याच दिवशी होते. त्या वर्षी जगबुडीची वेगळी जाहिरात करायची खरं तर काही गरज नव्हती.

(शेवट फोडणार आहे. बघायची असेल त्यांनी इथूनच परत फिरा.)

तर मी जुनं कॅलेंडर उलटं पसरलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वंशावळ काढायला घेतली. या गावातली माणसं काळात मागे-पुढे जातात, दर ३३ वर्षांचा फेरा. १९५३, १९८६, २०१९. एकाच माणसाला तीन-तीन नट. आणि एवढ्याने भागत नाही म्हणून या सीझनमध्ये आणखी एक आख्खं जग! तिकडे आपला नायक योनास जन्मलेलाच नाही. त्याची प्रेयसी मार्था आहे, पण कपाळावर झुलपं असलेली. झुलपं असली तर तिकडची, नसली तर इकडची, एवढ्या आधारावर मी दोन भाग काढले.

मग आई येऊन बसली. आईला कथेत रस नसतो, नात्यांत असतो.

"हा मुलगा त्या मुलीचा कोण?"

"प्रियकर."

"ते दिसतंय. नात्याने कोण?"

मी चाचरलो. योनासचे वडील मिकेल. मिकेल हा मार्थाचा धाकटा भाऊ. तो २०१९ मधून १९८६ मध्ये जाऊन अडकला आणि तिथेच मोठा झाला. म्हणजे...

"म्हणजे आत्या आहे ती त्याची!"

सबटायटलमध्ये नुसतं 'आंट' होतं तोवर माझं निभावत होतं. 'आत्या' म्हटल्यावर त्या प्रेमकथेचं जे व्हायचं ते झालं.

पुढे या दोघांना मुलगा होतो. त्याला मालिकेने नावच दिलेलं नाही, मी कॅलेंडरवर नुसती फुली मारली होती. हा फुलीवाला ट्रॉन्टेचा बाप. आईने बोटांवर मोजलं. ट्रॉन्टेचा उलरिख, उलरिखचा मिकेल, मिकेलचा योनास. "म्हणजे हा पोरगा आपल्याच खापरपणजोबांचा बाप." हे तिने 'दूध उतू गेलं' म्हणावं इतक्या सहज सांगितलं.

पण तिचा जीव गुंतला पीटरमध्ये. पीटरची बायको शार्लट, धाकटी मुलगी एलिझाबेथ. ही एलिझाबेथ मोठी होऊन नोआशी संसार थाटते, त्यांचं तान्हं बाळ पळवून भूतकाळात नेलं जातं, आणि ते बाळ म्हणजे शार्लट. आई बराच वेळ गप्प होती.

"म्हणजे पोटची पोरगीच त्याची सासू?"

"हो."

"आणि तो नोआ जावई."

"सासराही."

आईने कॅलेंडर माझ्या हातातून काढून घेतलं.

त्यानंतर पेन्सिल तिच्याकडे आणि प्रश्न माझ्याकडे अशी अदलाबदल झाली. तिचा स्वतःचा एकच प्रश्न उरला होता. व्योलर नावाचा एक पोलीस आहे, त्याच्या एका डोळ्यावर पट्टी. "याच्या डोळ्याला काय झालं?" तो सांगायला लागला की काहीतरी आडवं येतं. दुसऱ्या जगात डोळा ठीक, पण हात नाही. त्याचंही कारण नाही.

सीझनचा पहिला अर्धा भाग मला ताणलेला वाटला. तेच प्रसंग, तीच घरं, फक्त आरशात पाहिल्यासारखी उलटी. शेवटचा भाग मात्र जमलाय. सगळ्या गुंत्याचं मूळ निघतं टानहाउस नावाचा घड्याळजी. १९७१ मध्ये त्याचा मुलगा, सून आणि तान्ही नात गाडीच्या अपघातात जातात, त्यांना परत आणायला तो यंत्र बनवतो आणि जगाची दोन जगं होतात. उपाय काय, तर योनास आणि मार्था पावसात रस्त्यावर उभे राहून त्या मुलाला सांगतात, पूल बंद आहे. तो गाडी वळवतो. २६ भाग, दोन जगं, आणि शेवटी वाहतूक वळवणे!

"हे पहिल्याच भागात सांगायला काय झालं होतं?" आई.

मला उत्तर देता आलं नाही, कारण समोर ती दोघं प्रकाशाचे कण होऊन विरत होती आणि माझा घसा दाटला होता. शेजारी पेन्सिलीची खसखस चालू होती. जी माणसं आता जन्मलीच नाहीत, त्यांच्यावर आई काट मारत होती. आठ भाग खपून पाठ केलेली नावं. ट्रॉन्टे गेला, उलरिख गेला, नोआ, शार्लट, एलिझाबेथ, सगळे. शेवटी एका टेबलाभोवती सहाच जण जेवत होते, त्यांत पीटर होता.

"सुटला बिचारा," आई म्हणाली.

त्याच टेबलावर व्योलर डोळ्याचं सांगायला लागला आणि दिवे गेले. दिवे आले तोवर विषय टेबलावरच्याच हाना नावाच्या बाईच्या होणाऱ्या बाळाच्या नावावर गेला होता. मग नामावली सुरू झाली. मी रिमोट उचलला.

"बंद करू नकोस," आई म्हणाली. "तो डोळ्याचं सांगत होता ना, राहिलंय ते."