वायर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, काका

काका, नमस्कार.

ऑफिसात नेटवर्कवरचा प्रिंटर असण्याच्या सोयी सांगणाऱ्या माझ्या मागच्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागच आला. 'हा लेख आहे की कंपनीची जाहिरात?' इथून सुरुवात. मग 'रामबागेतल्या आमच्या ऑफिसात चौदा वर्षं यूएसबी वायरचा प्रिंटर आहे, कधी हॅक झाला नाही.' आणि शेवटी 'इंदूरच्या एका टॅक्सवाल्याच्या प्रिंटरात डोकवायला कोण रिकामटेकडा बसलाय?' पण माझा लेख वाचून चिरंजीव नेटवाली मशीन घ्यायला मागे लागलेत, हे दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं आणि हसू आलं. म्हणून सविस्तर लिहितो.

मी मशीन विकत नाही, ऑफिसांची कॉम्प्युटरं सांभाळतो. कुणी काहीही घेतलं तरी मला कमिशन नाही. पण तुमचा टोला अर्धा बरोबर बसलाय. घरून प्रिंट, मोबाइलवरून प्रिंट, टोनर संपत आला की आपोआप मेल, सगळं मी भरभरून लिहिलं आणि कड्याकुलपांचं, म्हणजे सुरक्षेचं, दोन ओळींत आटपलं.

आता तो रिकामटेकडा. २०१७ च्या मार्चअखेरीला एका सोमवारी सकाळी एमजी रोडवरच्या एका ऑफिसातून शिपायाचा फोन आला, "भिया, मशीन रात भर अपने आप चली है." गेलो तर ट्रे भरून कागद खाली सांडलेले. प्रत्येक कागदावर वरच्या डाव्या कोपऱ्यात एखाददुसरी ओळ, इंग्रजीत: गेट, मग तिरकी रेघ, मग एचटीटीपी. बाकी कागद कोरा. अकाउंटंट म्हणाले ड्रम गेला. मला मात्र घाम फुटला, कारण तो घोळ माझाच होता. साहेबांना रविवारी घरून प्रिंट द्यायची होती, म्हणून मी राउटरमधून (ऑफिसचं नेटवर्क इंटरनेटला जोडणारा डबा) प्रिंटरचा ९१०० नंबरचा पोर्ट, म्हणजे मजकूर आत घ्यायचं दार, सरळ बाहेर उघडून दिला होता. हा पोर्ट अगदी भोळा. समोरून जो मजकूर येईल तो विचारपूस न करता छापतो. इंटरनेटवर दारं ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. त्यातल्या एकाने विचारलं, 'तू वेबसाइट आहेस का?' आमच्या प्रिंटरने तो प्रश्नच छापला, आणि पुढचे प्रश्नही.

म्हणजे तुमच्या प्रिंटरसाठी माणूस बसावा लागत नाही. ते प्रोग्रॅम इंदूर की न्यूयॉर्क हे बघत नाहीत, दार उघडं आहे का एवढंच बघतात. २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस एकाने असेच जगभरचे सुमारे ५०,००० प्रिंटर शोधून त्यांवर पत्रक छापलं. कशाचं, तर यूट्यूबवर आपल्या टी-सीरिजच्या पुढे राहायची धडपड करणाऱ्या प्यूडीपाय नावाच्या यूट्यूबरला सबस्क्राइब करा म्हणून! २०२० मध्ये सायबरन्यूज या सायबर सुरक्षेवरच्या वेबसाइटच्या लोकांनी २७,९४४ उघड्या प्रिंटरांवर, प्रिंटर सुरक्षित कसा ठेवावा याचं पाच पायऱ्यांचं मार्गदर्शन छापून दाखवलं. कागद त्या त्या ऑफिसचाच.

मागच्या लेखात मी सांगायला हवा होता तो फरक हा: मशीन ऑफिसच्या नेटवर्कवर असणं वेगळं आणि ती बाहेरच्या इंटरनेटला उघडी असणं वेगळं. पहिल्यात राउटर मध्ये उभा असतो आणि आपण मुद्दाम दार उघडलं नाही तर बाहेरचा आत येत नाही. घरून प्रिंट हवीच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटमधून काढलेली कुलूपबंद खासगी वाट) लावून आधी ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचं, मग प्रिंट द्यायची. त्या साहेबांना मी नंतर तेच करून दिलं.

तुमच्या वायरकडे येतो. क्लायंट व्हॉट्सअ‍ॅपवर आधार पाठवतो, तेव्हा प्रिंट कुठून निघते? वायर ज्या कॉम्प्युटरला आहे तिथूनच ना? म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांचे सगळे कागद त्या एका कॉम्प्युटरवर येणार, पेनड्राइव्हने, मेलने, व्हॉट्सअ‍ॅप वेबने. राजेंद्र नगरच्या एका ऑफिसात मी रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरचं डाउनलोड फोल्डर उघडलं. 'आधार (४३)', 'फॉर्म १६ (९)', 'पॅन नवीन', 'पॅन नवीन खरा', कुणाचं तरी लग्नाचं सर्टिफिकेट, बँकेची स्टेटमेंटं. कॉम्प्युटरला पासवर्ड नाही, कारण प्रिंट काढायला कुणीही येऊन बसतं. समोर क्लायंट चहा घेत बसलेले. इथे हॅकर कशाला हवा, एक पेनड्राइव्ह पुरे. नेटवर्कवरच्या मशीनला प्रत्येक जण आपापल्या जागेवरून प्रिंट देतो आणि पिन लावली तर माणूस मशीनपाशी जाऊन चार आकडे दाबेपर्यंत कागद बाहेरच येत नाही. सगळ्या सोयींमध्ये मला ही सोय सगळ्यात मोलाची वाटते, आणि नेमकी हीच कुणी चालू करत नाही.

शिवाय वायर असली तरी विंडोजमधला प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, चालूच असतो. २०२१ मध्ये त्यातच 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं भोक सापडलं. नेटवर्कमधल्या साध्या अकाउंटवरूनही अख्खा कॉम्प्युटर ताब्यात घेता येत होता. विंडोज ७ चा सपोर्ट २०२० च्या जानेवारीतच संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. तुमच्या त्या कॉम्प्युटरवर कुठलं विंडोज आहे ते एकदा बघा.

तुम्ही लिहिलंय की आजकालचे प्रिंटर 'नखरे फार करतात'. या नखऱ्यांवरून आठवलं. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर मोठा डल्ला पडला. पैसे पाठवल्याच्या नोंदी आपोआप छापणारा तिथला प्रिंटर बंद पडला होता. कर्मचाऱ्यांना वाटलं, नेहमीचाच नखरा. खरं तर चोरांनी कॉम्प्युटरात सोडलेल्या प्रोग्रॅमने त्या नोंदी छापूच दिल्या नव्हत्या. उलगडा होईपर्यंत ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपीन्सला पोचले होते.

चिरंजीवांनी मशीन आणलीच तर पहिल्या दिवशी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलायचा. कंपनीने दिलेला तसाच ठेवायचा नाही, मग तो कितीही अवघड दिसो. २०२५ च्या जूनमध्ये उघड झालं की ब्रदरच्या ६८९ मॉडेल्सचा मूळ पासवर्ड सीरियल नंबरवरून काढता येतो, आणि जुन्या मशीनमध्ये हा दोष फर्मवेअर (मशीनच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट करूनही पूर्ण जात नाही. मालकाने पासवर्ड बदलणं हाच उपाय. दुसरं, स्कॅन करून मेल करायची सोय लावताना ऑफिसचा मुख्य मेल आयडी मशीनमध्ये भरू नका, वेगळा उघडा. ज्याच्या हाती अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो तो मेल सर्व्हरचा पत्ता बदलून स्वतःचा टाकू शकतो. मग मशीन बिचारी आपला मेलचा पासवर्ड त्यालाच नेऊन देते. क्लायंटसाठी गेस्ट वायफाय वेगळं ठेवा, हे तर वेगळं सांगायलाच नको.

तुम्ही न मांडलेला एक मुद्दा तुमच्या बाजूने मीच मांडतो. नेटवर अवलंबून असलेली सोय कंपनीच्या मर्जीवर चालते. गूगलने क्लाउड प्रिंट ही इंटरनेटवरून प्रिंट द्यायची सोय ३१ डिसेंबर २०२० ला बंद केली आणि त्यावर विसंबलेल्यांना दुसरी वाट शोधावी लागली. काही प्रिंटर तर अपडेट झाले की बाहेरचं कार्ट्रिज घ्यायलाच नकार देतात. इथे तुमचा वायरवाला जिंकतो, मान्य.

राहिलं ते 'झेरॉक्स मशीन भाड्याची आहे, तिचा नेटशी काही संबंध नाही' हे तुमचं वाक्य. सगळ्यात जास्त काळजी मला त्याचीच वाटते. ऑफिसच्या मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये बऱ्याचदा हार्ड डिस्क असते आणि कॉपी, स्कॅन केलेल्या कागदांची चित्रं तिच्यावर राहू शकतात. नेट असो वा नसो. २०१० मध्ये सीबीएस वाहिनीने अमेरिकेत चार जुन्या मशीन विकत घेऊन त्यांच्या डिस्क तपासल्या. एकीत न्यूयॉर्कच्या एका आरोग्य विमा संस्थेतल्या लोकांचे वैद्यकीय कागद निघाले. संस्थेने भाड्याची मशीन डिस्क न पुसताच परत केली होती. सुमारे ३ लाख ४४ हजार लोकांच्या माहितीचा प्रश्न उभा राहिला आणि २०१३ मध्ये १२ लाख डॉलरवर भरून प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. कायद्याची कलमं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतात.

तेव्हा भाड्याचा करार कधी संपतोय ते बघून ठेवा आणि मशीन उचलायला माणूस यायच्या आदल्या दिवशी मला कळवा. मेन्यूतून डिस्क पुसता येत असेल तर पुसू, नाहीतर डिस्क आपल्याकडे ठेवायची बोलणी करू. तुमच्या जुन्या लेझर प्रिंटरमध्ये बहुधा डिस्क नसेल, मागच्या स्टिकरचा फोटो पाठवलात तर खात्री करून सांगतो.